करंटची मशीन लावली की मांडी दमायची, ते कसं थांबलं
पऱ्हाटीच्या वावरात घसरलो, गुडघ्याचं ऑपरेशन झालं अन् मांडी पार सुकली. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी घरी लावायला करंटची मशीन दिली; कातडीवर पॅड चिकटवायचे अन् हलक्या करंटने स्नायू आवळायचा. पहिली दोन-तीन मिनिटं मांडी दगडासारखी आवळायची, मग नुसत्या मुंग्या. मी करंट वाढवत गेलो. कातडी चुरचुरली, मांडी काही आवळेना.

मॅडमनी सेटिंग पाहिलं अन् कपाळाला हात लावला. ८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८० झटके, अन् १० सेकंद चालू, १० बंद! माझ्याच पोराने बटणं दाबली होती. त्या म्हणाल्या, आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा स्नायूचे तंतू पाळीपाळीने राबतात. करंट मात्र पॅडखालच्या त्याच तंतूंना एकदम जुंपतो, म्हणून ते लवकर दमतात. म्हणजे एकाच बैलजोडीवर सगळं वावर!

मग झटके कमी अन् आराम जास्त केला: ४० हर्ट्झ, १० सेकंद चालू अन् ५० बंद. एक पॅड मांडीच्या वरच्या भागावर, दुसरा गुडघ्याच्या वर आतल्या फुगीर स्नायूवर. चिकटपणा गेलेले जुने पॅड फेकले. करंट आला की मीही मांडी आवळतो. आता पंधरा मिनिटं आरामात निघतात. मशीन बॅटरीवर चालते हे एक बरं, आमच्याकडच्या लाइनचा काय भरवसा!