तंबाखू सुटत नाही? या चुका टाळा

'मनात आणलं तर उद्या सोडेन' म्हणणारा माणूस आणि 'याच्यात तेवढा दमच नाही' म्हणणारे घरचे, दोघांचीही समजूत एकच असते की तंबाखू निश्चयावर सुटते. मग सुटली नाही की दोष स्वभावाला. आरोग्य मानसशास्त्र बघतं ते वेगळ्या गोष्टींकडे: तलफ कधी येते, कशामुळे येते आणि त्या क्षणी हाताशी काय असतं. यातलं बरंचसं आधीच लावून ठेवता येतं.

आपल्याकडे प्रश्न मुख्यतः सिगारेटचा नाहीच. 2016-17च्या पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, विडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के. म्हणजे मळलेली तंबाखू, खर्रा, मावा, मिश्री. त्यामुळे सल्लाही त्याच सवयींना धरून हवा.

नुसती भीती घालणं

पुडीवर 85 टक्के जागेत कॅन्सरचं चित्र असतं. ते बघतच माणूस पुडी फोडतो. घरचेही तेच करतात, अमक्याचा जबडा काढावा लागला म्हणून सांगतात. येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथॉल यांच्या गटाने याचा छडा लावला. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पत्रकं दिली होती, काही अंगावर काटा आणणारी, काही सौम्य. भीती वाटली, लस घ्यावी असंही वाटलं, पण प्रत्यक्षात गेले सुमारे 3 टक्के. ज्यांना सोबत दवाखान्याचा नकाशा दिला आणि आपल्या रोजच्या कामातून कधी जाणार ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले सुमारे 28 टक्के गेले. भीती कमी असो वा जास्त, फरक पडला तो बेत ठरल्यामुळे.

म्हणून 'कमी करतो' हा बेत धरू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली जर-तरची रीत वापरा: जेवून हात धुतले की लगेच धणाडाळ तोंडात आणि अंगणात दोन चकरा. चहाच्या टपरीवर कुणी हात पुढे केला तर 'सोडलीय' एवढंच म्हणायचं आणि जागेवरून हलायचं. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांत ओसरतो, तेवढा वेळ काढायचा असतो. चंची, चुन्याची डबी आदल्या रात्रीच घराबाहेर गेली पाहिजे. सोडायचा दिवसही दोन आठवड्यांच्या आतला धरा, पाडव्याची वाट बघू नका. आणि धणाडाळीच्या जागी सुपारी तर मुळीच नको, ती स्वतःच कर्करोगकारक आहे.

'मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही'

आयाबायांचं हे म्हणणं हसून सोडून दिलं जातं, ही मोठी चूक. तंबाखूतलं निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं. ते थांबलं की काहींना खरोखरच बद्धकोष्ठ होतं. तिला कुणी हे आधी सांगितलेलं नसतं, तिसऱ्या दिवशी पोट फुगतं आणि डबी पुन्हा चुलीजवळ येते. चिडचिड, झोप बिघडणं, जास्त भूक हेही असतंच. पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो, पुढच्या काही आठवड्यांत उतार पडतो. तेवढ्या दिवसांसाठी सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि सालीच्या डाळी, थोडं चालणं. दात घासायला साधी पेस्ट किंवा मंजन घ्या, पण मंजनात तंबाखू नाही ना, हे डब्यावर वाचून बघा.

निकोटिनचा च्युइंगम साधा च्युइंगम समजून चघळणं

तंबाखू सोडताना तलफ भागवायला हा च्युइंगम घेतात. घसा जळजळला, मळमळलं, उचकी लागली म्हणून कित्येक जण दुसऱ्याच दिवशी तो टाकून देतात. तो सतत चघळायचा नसतो. हळूहळू चावा, तिखटसर चव किंवा चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून थांबा, चव गेली की पुन्हा चावा. एक गोळी अर्धा तास पुरते. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको, निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोरांची शपथ घालणं

याने तंबाखू सुटत नाही, लपते. मग एखाद्या लग्नात एक बार भरला जातो, शपथ मोडलीच म्हणून संध्याकाळी अख्खी पुडी येते. मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी व्यसन सोडल्यावर पुन्हा घसरण्याचा अभ्यास केला तेव्हा त्यांना हेच दिसलं: एका चुकीपेक्षा 'मी हरलो' ही समजूत माणसाला पूर्ण मागे नेते. घरच्यांनी अशा वेळी एवढंच विचारावं, 'कुठे होतास, कोण होतं सोबत?' उत्तरातून पुढचा जर-तर मिळतो. उरलेली पुडी त्याच वेळी फेकायची, नवी तारीख काढत बसायचं नाही. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात.