रोपाच्या पिशवीतून येणारी मुंगी: जूनच्या लागवडीपूर्वीचा सल्ला

पुरंदर तालुक्यातील सीताफळ आणि अंजिराच्या बागांत पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) हटत नाही म्हणून फवारण्या वाढवल्या जातात. परंतु ढेकणाचा गोड चिकटा खाऊन त्याची राखण करणारी आणि मित्रकीटकांना हुसकावणारी परदेशी मुंगी, माझ्या पाहण्यात, बहुधा न तपासलेल्या रोपाच्या पिशवीतूनच बागेत शिरलेली असते. रोपे कोठूनही आणलेली असोत, लागवडीपूर्वी पिशवी पाण्यात पूर्ण बुडवून पाहावी. आत वसाहत असल्यास मुंग्या पांढरी अंडी-अळ्या तोंडात धरून वर येतात. रोपे पुष्कळ असतील तर निदान दहांतील एक तपासावे. एकात मुंगी आढळली तर सर्वच तपासावीत आणि त्या पिशवीतील माती शेतात झटकू नये.

लालसर, लहानमोठ्या आकारांची, मोठ्या डोक्याचे कामकरी असलेली आणि डंखाने आग करणारी मुंगी म्हणजे मूळची अमेरिका खंडातील सोलेनोप्सिस जेमिनाटा; ती ठिबकच्या नळ्याही कुरतडते. पिवळसर, लांब पायांची, सैरावैरा धावणारी मुंगी ती अ‍ॅनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपीस. बागेत सकाळी कागदावर एकीकडे साखरपाणी आणि दुसरीकडे सुकट ठेवून तासाभराने पाहावे. लाल मुंगी बहुधा सुकटीकडे वळते, पिवळी साखरेकडे.

दुकानदार सुचवतो ती महाग, झटपट मारणारी फवारणी वर दिसणाऱ्या मुंग्या मारते. राणी जमिनीखाली सुरक्षित राहते. पिवळ्या मुंगीसाठी 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम साखर आणि 10 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून बारीक छिद्रांच्या झाकणबंद डब्यांत ठेवावे. प्रमाण वाढवू नये, कारण कामकरी मुंगी जिवंत परतली तरच विष राणीपर्यंत पोहोचते. डबे मुले, जनावरे आणि मधमाश्यांपासून दूर ठेवावेत. लाल मुंगीच्या वारुळात मुळांपासून दूर असल्यास 10 ते 12 लिटर उकळते पाणी ओतावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. पाऊस सुरू झाला की आमिष वाहून जाते, म्हणून हे सारे मृगाच्या सरींपूर्वीच उरकावे.

मुंगीला झाडावर चढता येऊ नये म्हणून इतर कामे: जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटणे, बांधावरील तण काढणे, खोडाला ग्रीस लावलेली प्लॅस्टिकची पट्टी बांधणे. मुंगी आटोक्यात आल्यावर पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे एकरी 600 सोडावेत.

नंतर नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी आणलेली दोन-चार रोपेसुद्धा बादलीत बुडवल्याशिवाय खड्ड्यापर्यंत नेऊ नयेत. बहुतेकांची चूक तेथेच होते.