कॉलेज बास्केटबॉल: २०० मिनिटं वाटताना या चुका टाळा

सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर एका वेळी पाच जण. म्हणजे कोचच्या हातात वाटायला २०० मिनिटं असतात, एकही जास्त नाही. स्कोअरशीटवर नावं मात्र बारा. मी गेली चौदा वर्षं कॉलेजच्या मुलांना खेळवतोय आणि त्यातली पहिली पाच वर्षं ही २०० मिनिटं मी कधी मोजलीच नाहीत. पाच चांगली पोरं उतरवायची, कुणी फाउल आउट झालं (पाच फाउल होऊन बाहेर गेलं) किंवा कुणाला लागलं की सहावा पाठवायचा, एवढंच माझं रोटेशन, म्हणजे खेळाडू आलटून पालटून उतरवणं.

मग एका आंतरविभागीय स्पर्धेत सकाळी सेमीफायनल आणि त्याच दुपारी फायनल आली. सिमेंटचं उघडं कोर्ट, डोक्यावर ऊन. सेमीफायनल अटीतटीची झाली, म्हणून आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, पूर्ण ४० मिनिटं खेळला. फायनलच्या चौथ्या क्वार्टरला त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. त्याच्या जागी मी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा पाठवला. त्या स्पर्धेत तोवर त्याने एक मिनिटही खेळलेलं नव्हतं. समोरच्यांनी लगेच प्रेस लावली, म्हणजे बॉल पुढे आणतानाच अंगावर येऊन अडवायला लागले, लागोपाठ तीन वेळा बॉल गेला आणि सामनाही गेला. परतताना बसमध्ये तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सॉरी सर." सॉरी मी म्हणायला हवं होतं. त्याला त्या जागी उभा केला मी, पण त्या जागेसाठी तयार केला नव्हता. पुढचं सगळं त्या बसमध्ये सुरू झालं.

डोकी मोजणं

बारा जण आहेत म्हणजे बेंच भरलेली आहे, ही पहिली चूक. बारातले चार जण एकाच जागेवर खेळणारे असतील आणि बॉल आणणारा एकच असेल, तर तुमचा संघ एका घोट्यावर उभा आहे. मी आता मोसमाच्या सुरुवातीला कागदावर पाच जागा लिहितो आणि प्रत्येक जागेखाली दुसरं आणि तिसरं नाव लिहितो. जिथे दुसरं नाव सुचत नाही, तिथे सराव वाढवतो. त्या नावांपुढे कुणाचं प्रॅक्टिकल कधी, कुणाचं सबमिशन कधी, हेही लिहितो. इंजिनिअरिंगची तीन पोरं एकाच दिवशी व्हायवाला अडकली की बाराचे नऊ व्हायला दुखापत लागत नाही.

ज्यांच्याकडे पैसा, फिजिओ, डॉक्टर सगळं आहे, त्यांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेत कनेटिकट विद्यापीठाचा महिला संघ तोवर अकरा वेळा राष्ट्रीय विजेता झालेला होता. जानेवारी २०२३ मध्ये त्यांना डीपॉल विद्यापीठाविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला, कारण दुखापतींमुळे त्यांच्याकडे शिष्यवृत्तीवरच्या सात खेळाडूही उरल्या नव्हत्या आणि त्यांच्या बिग ईस्ट परिषदेच्या नियमाला सात लागतात. पुढच्याच जानेवारीत टेक्सासमधल्या टीसीयू विद्यापीठाच्या महिला संघाने इतक्या दुखापती झेलल्या की त्यांना दोन सामने सोडून द्यावे लागले. मग त्यांनी कॉलेजात खुली निवड चाचणी ठेवली आणि चार विद्यार्थिनींना भर मोसमात संघात घेतलं. त्या चौघींचं मला फार कौतुक वाटतं. पण कोच म्हणून त्या बातमीतून मी एक गोष्ट उचलली: कॉलेजात संघाबाहेर कोण बरं खेळतं, त्यांची यादी ऑगस्टमध्येच जवळ असावी. फॉर्म, ओळखपत्र, पात्रतेचे कागद यांना आपल्याकडे वेळ लागतो आणि तो सामन्याच्या आदल्या दिवशी मिळत नाही.

दमल्यावर बदलणं

पोरगं दमलेलं दिसलं की बदलू, असं म्हणणाऱ्या कोचला दमलेलं पोरगं तीन मिनिटं उशिरा दिसतं. आधी बचावात पाय थांबतात, मग हाताने पकडणं सुरू होतं आणि फाउल लागतो. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलेला खेळाडू हा शेवटचा टप्पा. शिवाय बदली हवी तेव्हा मिळत नाही. आपण ज्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो, त्यांत बॉल डेड होऊन, म्हणजे खेळ थांबून, घड्याळ थांबल्याशिवाय बदली नाही. बास्केट झाल्यावर, ज्यांच्यावर बास्केट झाली त्यांना बदलीची संधी मिळते, पण तीही फक्त चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत. एरवी शिट्टी वाजायची वाट पाहायची. वेगात चाललेल्या खेळात ती वाट दोन-अडीच मिनिटांची होते.

बदली मागण्याचा हक्क सबलाच, म्हणजे आत जाणाऱ्या बदली खेळाडूलाच, असतो, हेही कित्येक कोचना ठाऊक नसतं. त्याने स्वतः स्कोअररच्या टेबलापाशी जाऊन सांगायचं. कोच बाजूने ओरडला म्हणून बदली होत नाही. त्यामुळे ट्रॅकपँट घालून, नाड्या सैल सोडून बसलेला सब म्हणजे हातची गेलेली संधी. आमच्याकडे पुढचे दोन सब नेहमी माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर, जर्सीत आणि नाड्या बांधून बसतात.

इथे टीव्हीवरच्या अमेरिकन कॉलेज सामन्यांची नक्कल करू नका. त्यांच्या पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांच्या हाफमध्ये घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेल्यावर पहिल्या डेड बॉलला जाहिरातींसाठी टाइमआउट होतो. तिथला कोच त्या टाइमआउटच्या जरा आधी आपला मुख्य खेळाडू बसवतो. घड्याळातलं एक मिनिट जातं आणि पोराला तीन-चार मिनिटांची विश्रांती मिळते. आपल्याकडे ती सोय नाही. आपल्याला पहिल्या हाफमध्ये दोन आणि दुसऱ्यात तीन टाइमआउट मिळतात. पण क्वार्टरमधली सुट्टी आपलीच असते. पहिल्या क्वार्टरच्या शेवटच्या दीड मिनिटात बसवलेला खेळाडू दुसऱ्याच्या सुरुवातीची दोन मिनिटंही बसला, तर त्याची साडेतीन मिनिटं आणि वर मधली सुट्टी अशी विश्रांती होते, आणि कोर्टवरचा तोल फार बिघडत नाही. मला सापडलेला सगळ्यात उपयोगी उपाय हाच.

दुसरा उपाय उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या डीन स्मिथ यांचा. १९६१ ते १९९७ अशी छत्तीस वर्षं त्यांनी तिथे कोचिंग केलं आणि ८७९ सामने जिंकले. त्यांचा खेळाडू दमला की मूठ वर करायचा. स्मिथ त्याला बाहेर घ्यायचे आणि दम परत आला की कधी आत जायचं, हे तो खेळाडूच ठरवायचा. स्वतःहून बाहेर आलेल्याला परत जायची खात्री असली, की पोरं दम लपवत नाहीत. आपल्याकडे पोरं दम लपवतात, कारण एकदा बसलो की सर विसरतील, ही भीती असते. मी मूठ सुरू केली तेव्हा पहिले तीन सामने कुणीच वर केली नाही. चौथ्यात कॅप्टनने केली, मी त्याला सव्वा मिनिटात परत पाठवलं, आणि मग बाकीच्यांचा विश्वास बसला.

पाचच्या पाच एकदम बदलणं

केंटकी विद्यापीठाने २०१४-१५ च्या मोसमात पाच-पाचांच्या दोन तुकड्या आलटून पालटून खेळवल्या. ते सलग ३८ सामने जिंकले आणि फायनल फोरमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला) विस्कॉन्सिनकडून ७१-६४ असे हरले. कार्ल-अँथनी टाउन्स त्या संघात सरासरी २१ मिनिटांच्या आसपास खेळला आणि त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला निवडला गेला. पुढे एनबीएत स्टार झालेला डेव्हिन बुकर तर बेंचवरून यायचा. "मला स्टार्टिंग फाइव्हमध्येच घ्या" म्हणून रुसणाऱ्या पोरांना मी हे दोन दाखले हमखास देतो.

पण ती पद्धत उचलू नका. त्यांची दुसरी तुकडी देशातल्या बहुतेक संघांच्या पहिल्या पाचांपेक्षा भारी होती. तरीही डिसेंबरमध्ये ॲलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेल्यावर त्या नीट दोन तुकड्या मोडल्याच. आपल्याकडे पाचही सब एकदम उतरवले की बॉल आणणारा कुणी नसतो, ओरडून बचाव जुळवणारा कुणी नसतो आणि आठ गुणांची आघाडी दोन मिनिटांत संपते. मग कोच पहिल्या पाचांना घाईने परत आत ढकलतो आणि बेंचला कळतं की आपल्यावर भरवसा नाही. मुख्य पाचांतले निदान दोन कायम आत ठेवा, त्यातला एक बॉल हाताळणारा.

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजने डेव्हिड आर्सेनॉल्ट यांच्या काळात जेमतेम मिनिटा-मिनिटाने पाच-पाच बदलत मोसमच्या मोसम काढले, हे खरं. पण त्यांचा सगळा खेळच त्यासाठी रचलेला होता: सतत प्रेस, झटपट शॉट, भरपूर थ्री-पॉइंटर. खेळ आपला नेहमीचा ठेवून नुसती त्यांची बदली घेतली, तर हाती काही लागत नाही.

सरावातही हाच घोळ असतो. रोज पहिले पाच विरुद्ध दुसरे पाच असं खेळवलं, तर दुसऱ्या पाचातला मुलगा कॅप्टनबरोबर कधी खेळतच नाही. सामन्यात मात्र त्याला कॅप्टनबरोबरच खेळायचं असतं. आठवड्यातले निदान दोन दिवस संघ मिसळा.

दोन फाउल झाले की बसवून ठेवणं

पहिल्या क्वार्टरमध्ये दोन फाउल, की हाफटाइमपर्यंत बाहेर. ही सवय इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे कुणी चूक म्हणून बघतच नाही. मुलगा पाचव्या फाउलने बाहेर जाऊ नये म्हणून आपण त्याला आधीच बाहेर काढतो. त्याची १२ मिनिटं आपणच खाल्ली आणि सामना संपताना त्याच्या नावावर तीनच फाउल असले, तर वाचवलं काय?

मी खेळाडू बघून ठरवतो. जो हातांनी बचाव करतो आणि चिडतो, त्याला दोनावर बसवतो, चार-पाच मिनिटं शांत होऊ देतो. जो पायांनी बचाव करतो, त्याला आतच ठेवतो, फक्त तो ज्याला अडवतो तो माणूस बदलतो किंवा थोडा वेळ झोन (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावतो. तिसऱ्या फाउलला मात्र दुसऱ्या हाफच्या मध्यापर्यंत थांबवतो.

बेंच सोडून धावणं

मारामारी झाली की बेंचवरची पोरं मदतीला धावतात. २५ नोव्हेंबर २०१७ ला ब्रुकलिनमध्ये अलाबामा विद्यापीठाची मिनेसोटाविरुद्धची अख्खी बेंच याच कारणाने बाहेर काढली गेली. मग एक खेळाडू फाउल आउट झाला, एकाचा घोटा मुरगळला आणि शेवटची १० मिनिटं ४१ सेकंद ते तिघंच खेळले. त्यांच्या कॉलिन सेक्स्टनने ४० गुण केले, तरी ८९-८४ असा सामना गेला. फिबाचा नियमही असाच कडक आहे. मोसमाच्या पहिल्याच दिवशी पोरांना हे सांगा आणि भांडण दिसताच बेंचला हात आडवा धरून बसवायची जबाबदारी एका सीनियरवर नावानिशी टाका.

"बघू रे" म्हणणं

सगळ्यात जास्त नुकसान मी या दोन शब्दांनी केलंय. पोरगं विचारतं, "सर, या मॅचला मला चान्स आहे का?" आणि आपण म्हणतो, बघू रे. अमेरिकेत अशा पोराला वाट मोकळी आहे. २०१८ पासून तिथे ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आहे, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. मिनिटं मिळाली नाहीत की तो नाव टाकतो. आपलं पोर कुठे जात नाही. ते आधी उशिरा यायला लागतं, मग क्लासचं कारण सांगतं आणि दिवाळीनंतर येतच नाही. तुम्हाला वाटतं, खेळाची आवड कमी झाली.

आता मी स्पर्धेच्या दहा दिवस आधी बाराही जणांना एकेकटं बोलावतो. प्रत्येकी पाच मिनिटं पुरतात. तीन गोष्टी सांगतो: आज तू कितवा आहेस, तुझं काम काय, आणि वरच्या जागेसाठी नेमकं काय सुधारायला हवं. "मेहनत कर" हे उत्तर नाही. "डाव्या हाताने लेअप दहापैकी सात घाल, आणि डबल टीममध्ये (दोघं अंगावर आले की) बॉल डोक्यावर धरू नकोस" हे उत्तर आहे. कुणाला सांगावं लागतं की या वर्षी तुझी मिनिटं फारच कमी असतील. ते सांगताना माझा घसा अजूनही दाटतो. पण असं स्पष्ट ऐकलेल्या पोरांपैकी संघ सोडून गेलेलं मला आठवत नाही. "बघू रे" ऐकलेली गेली.

आणि जे सांगितलं ते पाळा. आठव्या-नवव्या खेळाडूला दुसऱ्या क्वार्टरची पहिली तीन मिनिटं कबूल केली असतील, तर चार गुणांनी मागे असतानाही ती द्या. तीस गुणांनी जिंकत असताना शेवटची दोन मिनिटं बेंच उतरवणं म्हणजे संधी दिली असं धरू नका. तिथे प्रत्येक जण स्वतःचा शॉट मारायला बघतो, त्यातून तुम्हालाही त्याच्याबद्दल काही कळत नाही.

पालकांचे फोन येतात, कधी ऑफिसमधूनही सूचना येते की अमक्याला खेळवा. प्रमाणपत्र आणि गुणांचा प्रश्न असतो, त्यांची काळजी मला समजते. त्यांच्यासमोर मी वही उघडतो. वहीत प्रत्येक सामन्याची मिनिटं असतात. आत जाताना आणि बाहेर येताना घड्याळात किती होतं, एवढंच टिपायचं. हे काम मी दुखापतीमुळे बसलेल्या खेळाडूला देतो, म्हणजे तोही सामन्यात गुंतून राहतो. सामना संपला की आम्ही दोघं बेरीज करतो. जादा वेळ नसेल तर ती २०० यायलाच हवी. येत नाही तेव्हा आम्ही पान वरपासून पुन्हा तपासतो, आणि बहुतेक वेळा दहाव्या किंवा अकराव्या पोराची एखादी दीड मिनिटाची नोंद लिहायची राहून गेलेली असते.