मुका व्हिडिओ बोलता झाला

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, आणि लाइट गेली की टॉवरही मान टाकतो. म्हणून कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, तिचे पतंग वासाने पकडणारे कामगंध सापळे यांवरचे व्हिडिओ रात्रीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचे ठरवलं. त्यासाठी घेतलं वायटी-डीएलपी, म्हणजे नेटवरचे व्हिडिओ उतरवायचा प्रोग्रॅम. फुकट आहे, पण कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते.

व्हिडिओ उतरला, चित्र झकास, आवाजच नाही. काका म्हणाले, "आवाज कोठे गया रे भो?" फोल्डरमध्ये पाहिलं तर फायली दोन! एकात नुसतं चित्र, दुसऱ्यात नुसता आवाज. स्ट्रीमिंगवाले हे दोन्ही बऱ्याचदा वेगळेच ठेवतात. नेटच्या वेगाप्रमाणे चित्राची प्रत बदलता येते, आवाज तोच चालतो. पाहताना ब्राउझर दोन्ही एकत्र वाजवतो. उतरवलेल्या फायली जोडायचं काम एफएफएमपेग नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो, आणि तोच माझ्याकडे नव्हता. त्याची एक्सई फाइल वायटी-डीएलपीच्या फोल्डरमध्ये टाकली, पुन्हा आज्ञा दिली, झालं.

आता आधी आज्ञेत डॅश आणि कॅपिटल एफ (-F) देऊन व्हिडिओ कुठल्या कुठल्या प्रतीत मिळतो त्याची यादी बघतो आणि ७२० वाली एमपी४ घेतो. १०८० ने डेटा उगाच जातो, आणि आमचा जुना टीव्ही पेनड्राइव्हवरची वेबएम या दुसऱ्या प्रकारची फाइल उघडत नाही. मध्येच लाइट गेली तर तीच आज्ञा परत द्यायची. बहुतेक वेळा उरलेलंच उतरतं.

पैसे भरून बघायच्या, कुलूपबंद सिनेमांना हे चालत नाही. मालकाची परवानगी असेल तेच उतरवा.