प्रांतांचा ‘कारण दाखवा’ हुकूम आला तर

प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. त्यांच्या कार्यालयात अव्वल कारकून म्हणून सार्वजनिक उपद्रवाच्या, म्हणजे लोकांना होणाऱ्या त्रासाच्या, प्रकरणांचे रोजनामे (दर तारखेच्या नोंदी) लिहिण्यात माझी बरीच नोकरी गेली. बाजू खरी असूनही केवळ पहिली तारीख वाया घालवल्यामुळे हरलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय.

हुकूम हातात पडला की आधी कलम बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ असेल, तर तो सशर्त हुकूम. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. अर्थ असा, की ठरलेल्या मुदतीत उपद्रव दूर करा, नाहीतर दिलेल्या तारखेला हजर राहून हुकूम कायम का करू नये ते सांगा. कागद घ्यायला नकार देऊन काही साधत नाही, तो जागेवर डकवला जातो. उपद्रवही दूर केला नाही आणि हजरही राहिला नाहीत तर हुकूम कायम होतो, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि लोकांच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका असेल तर एक वर्षापर्यंत, कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाद रस्त्याचा, ओढ्याचा किंवा मोकळ्या जागेचा असेल आणि तिथे लोकांचा हक्कच नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर ते पहिल्याच हजेरीला सांगा. दंडाधिकारी त्याबद्दल विचारतातच. सातबारा, मोजणीचा नकाशा, खरेदीखत सोबत न्या. पुरावा विश्वासार्ह वाटला तर हक्काचा निकाल दिवाणी न्यायालयाकडून लागेपर्यंत प्रकरण थांबतं. पण त्या दिवशी नाकारलं नाही, किंवा नाकारून पुरावा दिला नाही, तर पुढे हा मुद्दा काढता येत नाही. ‘पुढच्या तारखेला कागद आणतो’ म्हणणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं.

एरवी लेखी म्हणणं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. म्हणण्यात तक्रारदाराचा स्वभाव, जुनी भांडणं घालू नका. त्रास फक्त एका शेजाऱ्याला असेल आणि वाद खासगी असेल, तर तेवढं स्पष्ट लिहा, कारण हे कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. ‘वीस वर्षं असंच चालू आहे’ हा मात्र बचाव नाही.

मिरची कांडपाचं एक प्रकरण माझ्या नजरेसमोर आहे. ठसक्यामुळे शेजारच्या शाळेत पोरं खोकत होती. चालक बाईंनी आरोप नुसता नाकारला नाही. यंत्र शाळेकडच्या भिंतीपासून मागच्या खोलीत हलवलं, भुकटी उडते तिथे कापडी पिशवी बांधली, कांडप शाळा सुटल्यावरच करीन असं लिहून दिलं, फोटो जोडले आणि स्थळपाहणीची मागणी स्वतःच केली. हुकूम फेरबदलासह कायम झाला: कांडप चालू, वेळ ठरलेली. त्रास खरा असेल तर असा मार्ग काढा. पोरांचा घसाही वाचतो आणि धंदाही.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला हुकूम आला असेल तर ‘निधी नाही’ हे उत्तर लिहू नका. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आहे.

तुम्ही हजर राहिलात की साक्षीपुरावा होतो. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, कारणं नोंदवून ती १२० दिवसांपर्यंत वाढवता येते. तातडीचा धोका असेल तर तोवर मनाई हुकूमही निघू शकतो. तो पाळाच.

हुकूम कायम झाला तर त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाका. मुदतीत काम केलं नाही तर दंडाधिकारी ते करून घेतात आणि खर्च तुमची मालमत्ता विकून वसूल होऊ शकतो. हुकूम चुकीचा वाटत असेल तर सत्र न्यायालयात रिव्हिजन (हुकूम तपासून बघण्याचा अर्ज) करा, आणि सोबत स्थगितीचा अर्ज जोडायला वकिलांना आठवणीने सांगा. नुसतं रिव्हिजन दाखल केल्याने मुदत थांबत नाही.