बुटीबोरी-हिंगण्यात युनिट आहे अन् पोरं टिकत नाहीत? आधी हे करा

राजेहो, नागपूरजवळच्या या एमआयडीसींत तुमच्या कारखान्यातली कामाची पोरं दोन-तीन महिन्यांत सोडून जाऊन राहिली असतील तर नुसता पगार वाढवून भागत नाही. पगाराची तारीख पक्की करा, कायद्यानं 7 तारखेच्या आत द्यायचाच असतो, ओव्हरटाइम दुप्पट दरानं.

मग सोडून जाणाऱ्यासोबत अर्धा तास बसा, खरं कारण तिथंच कळते, बरेचदा सुपरवायझरचं चारचौघांत ओरडणंच निघते, आणि जुना ऑपरेटर गेला की नव्याचा हात बसेपर्यंत रिजेक्शन म्हणजे खराब निघालेला माल वाढते, डिस्पॅच म्हणजे माल पाठवणं लटकते, हा खर्च कोणत्याच बिलात दिसत नाही म्हणून मालकाला वाटते काही गेलंच नाही. म्हणून पहिले ट्रेनिंग सुपरवायझरला द्या, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटते.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जाते, तेव्हा शिफ्ट सकाळी लवकर लावा, थंड पाणी मशीनजवळच ठेवा.