कॉर्निया फ्रिजबाहेर काढताना: इंदूरच्या उन्हाळ्यात ‘रूम टेंपरेचर’ कसं सांभाळायचं

नेत्रदानातून आलेला कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) ऊतक जपणाऱ्या द्रावणात, म्हणजे मीडियममध्ये ठेवतात: एमके मीडियममध्ये 4 दिवस आणि ऑप्टिसॉल-जीएस किंवा कॉर्निसॉलमध्ये 14 दिवसांपर्यंत ठेवता येतो. तापमान मात्र 2 ते 8 अंशांतच हवं. तो गोठला की बर्फाचे स्फटिक एंडोथेलियमच्या (कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या थराच्या) पेशी फोडतात, आणि माणसात त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून व्हायल (कॉर्नियाची छोटी बाटली) मधल्या फळीवर ठेवा. मागच्या भिंतीला टेकवू नका, दारात तर नकोच. फ्रिजमध्ये कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर हवा. कुणाची शिकंजीची बाटली दिसली तर ती बाहेर काढा, कारण दार वारंवार उघडतं ते तिच्यामुळेच.

तपासणीआधी ऊब का द्यायची? थंडीत पाणी बाहेर काढणारा एंडोथेलियमचा पंप मंदावतो, स्ट्रोमात (कॉर्नियाच्या मधल्या जाड थरात) पाणी साचतं, कॉर्निया फुगतो आणि घड्या पडतात. अशा अवस्थेत स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली पेशींच्या कडा पुसट दिसतात आणि मोजणी चुकते. ऊब मिळाली की पंप पुन्हा चालू होतो. शिवाय मीडियममधली अँटिबायोटिक्स थंडीत जवळपास निजलेलीच असतात. जंतू मारायचं काम ती उबेतच नीट करतात.

व्हायल न हलवता, सरळ उभी ठेवून बाहेर काढा आणि वेळ लेबलजवळच्या नोंदीत लिहा. निदान एक तास तशीच राहू द्या. बाहेर दव जमतं, ते न पुसता मायक्रोस्कोपखाली धरलं तर चित्र धूसर येतं आणि दोष बिचाऱ्या पेशींवर जातो. मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने तळ पुसा. मोजणी दर चौरस मिलिमीटरला 2000 पेशींच्या वर असेल तरच बहुतेक ठिकाणी दृष्टीसाठीच्या प्रत्यारोपणाला ऊतक घेतात. मीडियम गुलाबीचं पिवळं किंवा गढूळ झालं असेल, तर मोजणी न करता ऊतक बाजूला काढा.

खरी फसगत ‘रूम टेंपरेचर’ या शब्दांनी होते. त्याचा अर्थ 20 ते 25 अंश. मे महिन्यात इंदूरमध्ये पारा चाळिशीपार जातो. बिनएसीच्या खोलीत तासभर ठेवलेली व्हायल भलतीच तापते. एसी बंद पडला, वीज गेली, तर तपासणी पुढे ढकला. जानेवारीत उलटं, सकाळी खोली गारठलेली असते, तासाऐवजी दोन तास द्या. घाई झाली म्हणून कोमट पाण्यात बुडवणं, मुठीत धरणं, दिव्याखाली ठेवणं यातलं काहीही करायचं नाही. ऊब असमान लागते आणि किती लागली हे कळतही नाही.

थंड-गरमची ये-जा जितकी कमी तितकी बरी: एकदा तपासणीला, एकदा शस्त्रक्रियेला. ओटीत (शस्त्रक्रियेच्या खोलीत) व्हायल साधारण तासभर आधी आणून ठेवा. काढताना चिमटा फक्त पांढऱ्या स्क्लेराच्या कडेला लावा आणि पंचमध्ये (कॉर्नियाची गोल चकती कापणाऱ्या साधनात) एंडोथेलियम वरच्या बाजूला ठेवा. त्यावर मीडियमचा थेंब राहू द्या, ओटीच्या दिव्याखाली ते पटकन सुकतं. शस्त्रक्रिया रद्द झाली तर गुपचूप फ्रिजमध्ये परत ठेवू नका. बाहेर किती वेळ होतं ते लिहून नेत्रपेढीला कळवा.

भोपाळला पाठवायचं असेल तर पेटीत पाणी सुटत असलेला साधा बर्फ घाला. डीप फ्रीझरमधून थेट काढलेले जेल पॅक शून्याच्या बरेच खाली असतात, व्हायलला चिकटले तर कॉर्निया गोठवून टाकतात. ड्राय आइस तर मुळीच नको.